शून्य वजनाची ओळ

भार्गव दहिफळेची आयुष्यातली सगळ्यात गाजलेली निर्मिती एका ओळीची होती, आणि ती ओळ बाकीच्या ओळी दिसू नयेत म्हणून लिहिलेली होती.

तो कोल्हापुरात 'सोबती' नावाच्या कंपनीत लोड बॅलन्सर सांभाळायचा. हे काम नेमकं काय, ते त्यानं घरमालकाला, दोन आत्यांना आणि लग्नासाठी पाहिलेल्या एका मुलीला समजावून सांगितलं होतं. मुलीनं चहा संपेपर्यंत ऐकून घेतलं. उदाहरण नेहमी एकच असायचं. लग्नाच्या हॉलमध्ये दारात एक काका उभे असतात. ते वाढत नाहीत, स्वैपाक करत नाहीत, आहेर घेत नाहीत. फक्त म्हणतात, "तुम्ही त्या पंगतीला बसा, तुम्ही इकडं या." ते नसले तर सगळी वरात पहिल्याच पंगतीवर तुटून पडते आणि मागच्या पंगतीचे वाढपी हातात जिलेबी घेऊन उभे राहतात. लोड बॅलन्सर म्हणजे ते काका. फरक एवढाच की इथं काका म्हणजे एक प्रोग्रॅम होता, आणि पाहुण्यांच्या जागी महाराष्ट्रभरच्या म्हाताऱ्या माणसांचे फोन होते.

तोपर्यंत राज्यातल्या बहुतेक तालुक्यांत म्हातारी माणसं एका जागी आणि त्यांची मुलं दुसऱ्या जागी, अशी वाटणी पूर्ण झालेली होती. सोबतीनं त्यावर एक पांढरा फोन काढला. फोनवर एकच मोठं बटण आणि बटणावर मुलाचा फोटो. बटण दाबलं की आधी खऱ्या मुलाचा मोबाईल वाजायचा. तो मीटिंगमध्ये असला, गाडी चालवत असला किंवा नुसताच कंटाळलेला असला, तर फोन त्याच्या प्रतीकडं जायचा. करारावर सही मुलांची असायची. म्हाताऱ्यांनी फक्त बटण दाबायचं.

प्रत म्हणजे आवाजाची नक्कल नव्हे. आवाजाची नक्कल तर गल्लीतली पोरंही करत होती. सोबतीचं यंत्र आधी काही महिने मुलाचं आणि आईबापाचं बोलणं ऐकायचं. मुलगा कुठं हसतो, कुठं नुसतं 'हं' म्हणतो, कुठल्या विषयावर त्याचा सूर चढतो, हे सगळं टिपायचं. त्यावरून पुढचं वाक्य काय येईल याचा अंदाज बांधायचं. खरी करामत पुढं होती. चिडलेल्या, दमलेल्या, एका कानानं ऐकणाऱ्या दिवसांची बोलणी यंत्र बाजूला काढायचं आणि उरलेल्या थोड्याशा चांगल्या दिवसांवरून मुलगा बनवायचं. म्हणजे प्रत मुलाचीच असायची, पण त्याच्या सगळ्यात चांगल्या दिवसाची. कंपनीच्या जाहिरातीत हे वाक्य होतं, आणि ते वाचून कुणालाही वाईट वाटत नव्हतं.

आणि दारातले काका शिकत होते. खरा मुलगा आणि प्रत या दोघांनाही त्यांनी एकेक वजन दिलेलं असायचं. कोण लवकर फोन उचलतो, बोलणं संपताना म्हाताऱ्या माणसाचा श्वास कुणामुळं शांत असतो, हे बघून काका वजन वाढवायचे किंवा घटवायचे. मग फोन आधी मुलाकडं हा नियमही मागं पडायचा; ज्याचं वजन जास्त त्याच्याकडं फोन जास्त. वजन शून्यावर आलं तरी मुलाला कुणी काढून टाकत नसे. तो यंत्रणेत असायचाच, चालू स्थितीत. फक्त त्याच्याकडं कुणाला पाठवायचं नाही, एवढंच.

ही सगळी मांडणी काळ्या पडद्यावर एका कमांडनं बघता यायची, पण ती इतकी लांब असायची की वाचणारा म्हातारा होऊन स्वतःच सोबतीचा ग्राहक झाला असता. म्हणून भार्गवनं 'चाळ' नावाचा शॉर्टकट लिहिला. मूळ कमांडच्या पुढं एक उभी रेघ, रेघेपुढं चाळणी. चाळणी नको त्या ओळी खाली पाडायची आणि हव्या त्या वर ठेवायची. शून्य वजनाच्या ओळी नको त्यांत मोडत होत्या. ज्याच्याकडं फोनच जात नाही त्याच्याशी आपल्याला काय करायचंय? पडदा एका झटक्यात निम्म्यावर आला. सगळ्या ऑफिसनं 'चाळ' उचललं, मूळ कमांड लोक विसरून गेले, आणि वार्षिक समारंभात भार्गवला स्टेजवर बोलावून इडलीपात्र देण्यात आलं. तो एकटा राहायचा. इडलीपात्रात तो चार्जर ठेवायचा.

त्या दिवशी दुपारी शेजारच्या टेबलावरच्या नाझिया मुजावरला नवा लॅपटॉप मिळाला. नाझिया मिरजेची. कामात भार्गवच्या बरोबरीची, बोलण्यात चार पावलं पुढं.

"माझं चाळ चालत न्हाई रे इथं," ती म्हणाली. "टाकून दे की."

"टाकतो. आधी मूळ कमांड चालतीये का बघू. एखाद्या ग्राहकाचा नंबर सांग."

"मला कुणाचा नंबर पाठ असतोय? तूच सांग."

भार्गवला जगातला एकच नंबर पाठ होता. तो त्यानं टाइप केला. विश्वंभर दहिफळे, परळी. त्याचे अण्णा.

पडद्यावर दोन ओळी आल्या.

पहिली: भार्गव, स्थिती चालू, वजन शून्य.

दुसरी: भार्गव-प्रत, स्थिती चालू, वजन शंभर.

"अय्या," नाझिया म्हणाली. मग खुर्ची जवळ ओढून तिनं दोन्ही ओळी पुन्हा वाचल्या.

"चूक असेल," भार्गव म्हणाला.

"कधीपासनं आहे बघ की."

त्यानं बघितलं. आठ महिने झाले होते.

आठ महिन्यांपूर्वी अण्णांचे फोन बंद झाले होते, हे त्याला आठवत होतं. तो खूष झाला होता. आई गेल्यावर त्यानंच त्यांना पांढरा फोन घेऊन दिला होता, आणि अण्णा रोज संध्याकाळी त्यावरून फोन करून आज व्होल्टेज किती होतं ते सांगायचे. मग फोन येईनासे झाले आणि भार्गवनं स्वतःची समजूत घातली की अण्णा सावरले, भजनी मंडळात रमले. दोनतीनदा त्यानं आपणहून फोन केला, तर एंगेज लागला. अण्णा मुलाशी बोलत होते. सोबतीचं ॲप रोज संध्याकाळी त्याला कळवायचं, 'आज अण्णांशी छान बोलणं झालं.' पहिल्याच आठवड्यात त्यानं ती सूचना बंद करून टाकली होती.

"तुझं बघ," तो नाझियाला म्हणाला. एकट्यानं बुडायला त्याला बरं वाटत नव्हतं.

नाझियानं आईचा नंबर शोधून टाकला. नाझिया, वजन शंभर. नाझिया-प्रत, वजन शून्य.

"अम्मीनं पहिल्याच दिवशी प्रतीला झापलं असणार," ती म्हणाली. "इतकं ऐकून घेणारी माझी पोरगी न्हाई, तू कोण गं भवाने, म्हणून." ती हसली, आणि भार्गवचा चेहरा बघून थांबली. "तू पण घे की स्वतःला परत. वजन तुझ्याच हातात आहे."

बदलासाठी कारण लिहावं लागायचं. भार्गवनं 'चाचणी' असं लिहिलं, स्वतःला शंभर केलं, प्रतीला शून्य केलं आणि मोबाईल टेबलावर समोर ठेवून बसला. परीक्षेचा निकाल लागणार असल्यासारखा.

संध्याकाळी फोन वाजला.

"भाग्या, काय करायलास?"

आवाज आई होती तेव्हापेक्षाही तरुण वाटत होता.

"काही नाही अण्णा. ऑफिसात आहे. तुम्ही कसे आहात?"

"कसा म्हणजे? सकाळीच सांगितलं की तुला. लोमटे सर गाडी घेऊन येतो म्हणाले परवा."

"कोण लोमटे सर?"

"कोण लोमटे सर! अरे, शेजारचे. ज्यांच्या पोरीच्या लग्नात काय द्यायचं ते तूच सांगितलंस मला. कुकर दिला की आपण."

"हां, हां. लोमटे सर. परवा कुठं जायचंय?"

"भाग्या, झोपेत आहेस का रे? लातूरला. ऑपरेशनला. डोळ्याच्या."

भार्गव खुर्चीतून उठला. काचबिंदू होता. एका डोळ्याची नजर जवळजवळ गेलेली, दुसऱ्यात उतरायला लागलेली. डॉक्टर म्हणाले होते, या आठवड्यात करून टाका, थांबू नका. हे सगळं त्याला अण्णांना खोदून खोदून विचारावं लागलं, आणि अण्णा प्रत्येक उत्तराआधी म्हणत होते, "तुला माहितीये की."

"मी येतो," भार्गव म्हणाला. "आज रात्रीच्या गाडीनंच निघतो."

फोनमध्ये अण्णांचा श्वास ऐकू येऊ लागला.

प्रत कधीही येतो म्हणत नसे, हे भार्गवला ठाऊक होतं. सुरुवातीच्या चाचण्यांत काही प्रती दिवाळीला येतो म्हणाल्या होत्या, आणि म्हातारी माणसं फराळ करून दारात बसून राहिली होती. मग कंपनीनं तो शब्दच काढून टाकला. त्याऐवजी प्रत न येण्याची इतकी गोड, इतकी पटणारी कारणं द्यायची की ऐकणाऱ्याला न येण्यातच माया दिसू लागायची. आठ महिन्यांत अण्णांची खात्री पटली होती की त्यांचा मुलगा येत नाही म्हणजे सगळं ठीक आहे.

"खरं सांग," अण्णा म्हणाले. "डॉक्टरनी तुला फोन केला होता का?"

"नाही हो."

"मग तू का यायलास? तूच म्हणालास ना, साधं ऑपरेशन आहे, यायची काय गरज. आता एकदम रात्रीची गाडी? काय लपवायलास माझ्यापासून?"

"अण्णा, काही लपवत नाही. मुलगा बापाच्या ऑपरेशनला येऊ शकत नाही का?"

सूर चढला होता. त्याला कळलं, पण तोवर उशीर झाला होता.

अण्णांनी विषय बदलायचा प्रयत्न केला. ते परळीच्या सबस्टेशनमध्ये ऑपरेटर होते. लोडशेडिंगच्या काळात कुठल्या भागाची वीज घालवायची याचं वेळापत्रक वरून यायचं आणि स्विच अण्णा ओढायचे. स्वतःच्या घराला वीज देणारा फीडर त्यांनी एकदाही वाचवला नाही. ठरल्या वेळी स्वतःच्या हातानं बंद करायचे, ड्यूटी संपवून सायकलवर अंधारात घरी यायचे आणि दारातून ओरडायचे, "कुणी घालवली रे लाईट?" आतून भार्गव आणि त्याची आई एका सुरात ओरडायची, "तुम्हीच की!" घरातला हा एकच विनोद होता आणि तो वर्षानुवर्षं पुरला होता.

"आता डोळ्याचीच जायला लागली," अण्णा म्हणाले. मग मुद्दाम हलका सूर काढून, "काय रे, कुणी घालवली रे लाईट?"

"असं बोलू नका ना अण्णा," भार्गव म्हणाला.

मग अण्णा परक्या माणसाशी बोलावं तसं म्हणाले, "बरं. ठेवतो."

रात्रीच्या गाडीला भार्गव गेला नाही. त्यानं बॅग भरली, मग अण्णांचा तो श्वास आठवून बॅगेवरच बसून राहिला.

सोबतीत तक्रारींनाही लोड बॅलन्सर होता. ज्याच्याकडं काम कमी त्याच्याकडं तक्रार जायची. दुसऱ्या दिवशी सकाळपासून भार्गवनं काहीच केलेलं नसल्यामुळं नवी आलेली तक्रार त्याच्याकडंच आली. ग्राहकानं फोनच्या मागं छापलेल्या नंबरावर बोलून नोंदवलेली तक्रार यंत्रानं जशीच्या तशी उतरवली होती:

'माझं नाव विश्वंभर दहिफळे, निवृत्त ऑपरेटर. कालपासून लाईनमध्ये दोष आहे. मुलगा स्पष्ट ऐकू येतो, पण बरोबर येत नाही. सांगितलेलं विसरतो. चिडतो. मध्येच बंद पडतो. काल सकाळपर्यंत उत्तम चालू होता. उद्या माझं ऑपरेशन आहे. आज सकाळी इथल्या दवाखान्यात सिस्टरनं बीपी बघितलं, वाढलेलं निघालं. उतरलं नाही तर डॉक्टर ऑपरेशन करणार नाहीत. तरी कृपा करून मुलगा आजच्या आज पहिल्यासारखा करून द्यावा.'

भार्गवनं ती नाझियाला दाखवली. तिनं वाचली. विनोद करायला तोंड उघडलं, आणि पाण्याची बाटली उचलून पाणी प्याली.

"जा की रे तू," ती शेवटी म्हणाली. "समोर उभा राहिलास तर काय करतील?"

"बीपी वाढेल."

"मग ऑपरेशन झाल्यावर जा. तोवर प्रत ठेव. मग काढ."

"मग काढली की पुन्हा तक्रार येणार. मुलगा बिघडला म्हणून." त्यानं पडद्याकडं बघितलं. "आठ महिन्यांचं बोलणं आहे गं त्यांचं. कुकर, लोमटे सर, सगळं. मला एक वाक्य माहीत नाही त्यातलं. मी जाऊन बसलो तरी मीच पाहुणा."

"शिकून घे की. रेकॉर्डिंगं असतील."

"म्हणजे मी त्याची प्रत व्हायचं?"

नाझियाचा मोबाईल वाजला. अम्मी होती. ती उठून जिन्यात गेली, आणि तिथून तिच्या भांडण्याचा आवाज येत राहिला. छान, खणखणीत, दोन्ही बाजूंनी.

सबस्टेशनमध्ये स्विच ओढायच्या आधी अण्णा खांद्यावरचा पंचा नीट करायचे. भार्गव लहानपणी डबा घेऊन जायचा तेव्हा त्यानं ते बघितलं होतं. आता त्याच्या खांद्यावर काही नव्हतं. त्यानं गळ्यातलं ओळखपत्र सरळ केलं. भार्गव, शून्य. भार्गव-प्रत, शंभर. कारण: 'ग्राहकाच्या तक्रारीनुसार दुरुस्ती'.

सोबतीत एक कडक नियम होता. तक्रार नुसती सोडवून बंद करता येत नसे. काही वेळानं ज्यानं ती सोडवली त्यानंच ग्राहकाला फोन करायचा, आणि समाधान झालं हे ग्राहकाच्या तोंडून ऐकायचं. कर्मचाऱ्यांच्या सुरक्षेसाठी त्यांचा आवाज मशीनमधून धुऊन जायचा. पलीकडं सगळ्यांचा एकच, मऊ, कुणाचाच नसलेला आवाज पोचायचा.

दुपारी भार्गवनं हेडफोन लावला.

"नमस्कार, सोबती ग्राहक सेवेतून बोलतोय. दहिफळे साहेब का?"

"बोला, साहेब, बोला!" अण्णांचा आवाज फुललेला होता. "झालं बघा काम. एकदम पहिल्यासारखा. आत्ताच बोललो."

"खात्री केलीत ना?"

"खात्री म्हणजे! मी आयुष्यभर लाईनीच तपासल्या, साहेब. आमचं एक आहे घरातलं. मी विचारलं, कुणी घालवली रे लाईट? तर पटकन म्हणाला, तुम्हीच की! आणि हसला असा. त्याच्या आईसारखा हसतो तो." ते थांबले. "काल नेमकं हेच येत नव्हतं."

भार्गवनं माईक बंद केला. मग चालू केला.

"बीपी कसं आहे?"

"आता लोमटे सरांनी बघितलं त्यांच्या मशीनवर. उतरलं. उद्या होतंय ऑपरेशन." मग जरा आवाज खाली आणून म्हणाले, "काल काय झालं होतं हो, साहेब? येतो म्हणायला लागला. मी घाबरून गेलो."

"लाईनमध्ये..." भार्गवनं हेडफोन कानावर घट्ट दाबला. "दुसरीच लाईन लागली होती. आता काढलीये."

"हां. मला वाटलंच. क्रॉस कनेक्शन." अण्णांचं समाधान झालं. निवृत्त माणसाला धंद्यातला शब्द वापरायला मिळाला की होतं तसं. "तुम्ही कुठले, साहेब? बोलण्यात आमच्याकडचं काहीतरी वाटायलंय."

"तिकडचाच. आता कोल्हापूरला असतो."

"माझा पोरगाही तिथंच! आईवडील?"

"वडील आहेत. गावाकडं."

"एकटे?"

"हो."

"फोन करता का?"

पडद्याच्या कोपऱ्यात संभाषणाचा वेळ मोजणारा आकडा पुढं सरकत होता.

"केला होता," भार्गव म्हणाला. "नीट बोलणं झालं नाही."

"मग जाऊन या," अण्णा म्हणाले. "रागावू नका, वयानं मोठा म्हणून सांगतो. जाऊन या. माझी गोष्ट वेगळी आहे. माझा मुलगा लांब असला तरी सारखा लाईनवर असतो. सगळ्यांच्या नशिबी असा नसतो, साहेब."

"नसतो," भार्गव म्हणाला.

"बरं, ते मोबाईलवर समाधानाचं काय बटण येतं ते तुम्हीच दाबा. मला दिसत नाही."

ते बटण ग्राहकानंच दाबायचं असतं, हा नियम होता. भार्गवनं दाबलं. पाच चांदण्या उगवल्या. पडद्यावर आपोआप ओळ आली: 'अभिनंदन! ग्राहक तुमच्या सेवेवर अत्यंत समाधानी आहे.'

नाझिया जिन्यातून परत आली. भांडून तिचे गाल लाल झाले होते. "झालं?"

"झालं."

"माझ्या लॅपटॉपवर चाळ टाकायचं राहिलंय तुझं."

त्यानं तिचा लॅपटॉप ओढून घेतला, शॉर्टकट टाकला, आणि चालतोय का ते बघायला जगातला एकुलता एक पाठ असलेला नंबर टाइप केला. चाळणी व्यवस्थित चालली. विश्वंभर दहिफळे, परळी. एक मुलगा. स्थिती चालू.